सरकनताई आणि न सरकणारा पॅन

आमच्या दुकानाच्या दुसऱ्या मजल्यावर सरकत्या जिन्याने वर आलं, की डाव्या हाताला माझं काउंटर. चादरी, अभ्रे, टॉवेल. समोर भांड्यांचा विभाग आणि त्याच्या तोंडाशीच ताईचं टेबल. टेबलावर शेगडी, अंड्यांचा ट्रे आणि काळा कुळकुळीत नॉनस्टिक पॅन. ताई दिवसभर तिथे उभी राहून अंडी तळायची. तेलाचा थेंबही न घालता अंडं फोडायची, पॅन जरा तिरका करायची आणि मान वळवून म्हणायची, "बघा, सरकन!" अंडं खरोखरच बर्फावरून घसरल्यासारखं बशीत जाऊन पडायचं. यावरूनच तिचं नाव पडलं सरकनताई. तिचं खरं नाव आमच्यातल्या निम्म्या लोकांना ठाऊकही नव्हतं.

मला तिच्या त्या कामाचा एकच त्रास होता. माझ्या चादरींना अंड्याचा वास यायचा. गिऱ्हाईक डबलबेडची चादर उलगडून नाकाशी न्यायचं आणि माझ्याकडे संशयाने बघायचं. मी समोर बोट दाखवायचे. ताई तिथूनच हात हलवायची. मग गिऱ्हाईक आधी तिकडे जाऊन पॅन घ्यायचं आणि चादर तशीच राहायची. तिच्यावर रागावणं मात्र कोणाला जमलं नाही. बोलायला लागली की माणूस हातातलं काम विसरायचा.

त्या टेबलाचं एक गुपित होतं, पण ते लपवलेलं नव्हतं, कुणी कधी विचारलंच नव्हतं एवढंच. टेबलावरचा पॅन नेहमी नवा असायचा. त्याचं तुकतुकीत अंग जरा मंद झालं, की ताई मागच्या खोलीतून दुसरा काढून आणायची. लाकडी उलथनं, मंद आच आणि पुसायला मऊ फडकं. तान्ह्या बाळाला अंघोळ घालावी इतक्या जपून ती त्याला हाताळायची.

घरी तिच्याकडे तसलाच पॅन होता, पण तिथे त्याला जपणारं कोणी नव्हतं. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. भांडं असो की यंत्र, त्याचा हात एकाच जोराने चालायचा. सासूबाई स्टीलच्या चमच्याशिवाय दुसरं काही हातात धरत नसत. एका सकाळी मुलीने ऑम्लेटचा घास उचलला आणि म्हणाली, "आई, आज मिरी घातलीस का? छान दिसतंय."

"मी कुठे घातली मिरी?" ताई म्हणाली. मग तिने बशी उजेडात नेली. काळे ठिपके होते. तिने पॅन उचलून बघितला. मधोमध तळहाताएवढा तुकडा सोलून निघाला होता.

हे मला तिने दुपारच्या डब्याच्या वेळी सांगितलं. "पोटात जाऊन त्याचं काय होतं ते मला माहीत नाही बाई," ती म्हणाली. "शहाणी माणसं काय ते सांगतील. पण आपल्या पोरीला पॅनची सालं मिरी म्हणून वाढायची, हे काही मनाला पटत नाही."

त्याच दिवशी दुपारी, जणू ठरवून, शिलाईकाम करणाऱ्या एक बाई आल्या. बारीक चण, गळ्यात मोजपट्टी तशीच अडकलेली. त्यांनी पिशवीतून एक सोललेला पॅन काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं, आता वाजणार. पण त्या हसत म्हणाल्या, "अहो, हा तुमच्याकडचा तिसरा. माझ्याच हातून खराब होत असणार. आता तुम्ही सांगाल तो घेते. तुमच्या शब्दावर माझा भरवसा आहे."

त्या भांडल्या असत्या तर ताईने हसत हसत चौथा पॅन त्यांच्या गळ्यात मारला असता. ती कला तिला येत होती. पण भरवसा म्हटल्यावर तिने हातातला नवा पॅन खाली ठेवला. ती म्हणाली, "आज घेऊ नका. पुढच्या आठवड्यात या. मी बघून ठेवते."

मी हातातले अभ्रे तसेच धरून बघत राहिले. आलेलं गिऱ्हाईक ताईने रिकाम्या हाताने परत पाठवलं होतं!

भांड्यांच्या विभागात अगदी मागे, खालच्या फळीवर, बिडाचे आणि जाड बुडाच्या स्टीलचे पॅन पडून होते. कधी मागवले, कोणी मागवले, कुणालाच आठवत नव्हतं. त्या संध्याकाळी ताईने त्यातला एक बिडाचा आणि एक स्टीलचा विकत घेतला आणि मांडीवर घेऊन बसने घरी गेली. नवऱ्याने पिशवी उचलून बघितली आणि विचारलं, "भिंत पाडायची आहे का?"

पहिलं अंडं बिडाच्या पॅनला असं चिकटलं, की जणू त्याचं तिथेच लग्न लागलं होतं. दुसऱ्याचा भुगा झाला. मग तिने कुठेतरी ऐकलं, की बिडाला तेल पाजून तापवावं लागतं. ताईचं सगळं सढळ हाताचं. तिने वाटीभर तेल ओतलं आणि आच मोठी केली. इतका धूर झाला की वरच्या मजल्यावरचे शेजारी पाण्याची बादली घेऊन दारात उभे राहिले. तेल बोटाने पातळसं लावून फडक्याने पुसून टाकायचं आणि मग तापवायचं, हे तिला त्यानंतर कळलं. सासूबाई मात्र खूश होत्या. रोज सकाळी त्या बशीतल्या चोथ्याकडे बघून निकाल द्यायच्या. "काल पिवळं तरी ओळखू येत होतं," एक दिवस त्या म्हणाल्या, "आज ओळखपरेडच घ्यावी लागेल."

स्टीलची गोष्ट वेगळीच झाली. ताईने त्यात माशाचा तुकडा टाकला. चिकटला. उलथनं खाली घालून ती तो ओढायला जाणार, तेवढ्यात दाराची घंटी वाजली. वरचेच शेजारी आपली बादली परत न्यायला आले होते. बोलण्यात वेळ गेला. मासा आठवला तशी ती धावत आत आली, की झालं, कोळसा झाला असणार. बघते तर माशाने स्वतःहून बूड सोडलं होतं. खालची बाजू छान तांबूस. पॅन हलवला तर तुकडा आपोआप हलला.

दुसऱ्या दिवशी तिने मला जवळजवळ हाताला धरूनच सांगितलं, "अगं, तो धरून ठेवत नव्हता. मीच ओढत होते! नॉनस्टिकने मला थांबायची सवयच लावली नाही."

मग शिलाईवाल्या बाई ठरल्याप्रमाणे आल्या. ताईने दोन्ही पॅन काढले. बिडाचा उचलायला सांगितला, तर त्यांचं मनगट थरथरलं. दिवसभर मशीनवर काम करून हात दुखायचे त्यांचे. "मग हा तुमच्यासाठी नाही," ताई म्हणाली. "तुम्ही स्टीलचा घ्या. आधी तापवा, मग तेल घाला, मग जरा धीर धरा. पहिले काही दिवस मला शिव्या घालाल. नंतर नाही घालणार."

हे सगळं आमच्या मजल्याच्या साहेबांनी ऐकलं. साहेब माणूस वाईट नव्हता, पण भित्रा होता. "ताई," ते म्हणाले, "तुम्हाला सरकवायला ठेवलंय. तुम्ही चिकटणारी भांडी विकताय!"

"साहेब, एक शनिवार द्या मला," ताई म्हणाली. "नाही जमलं तर पुन्हा सरकवते."

शनिवारी गर्दी जमली. लोकांना सवयच होती, टेबलाभोवती उभं राहून फुकट ऑम्लेट खायची. ताईने नवीकोरी साडी नेसली होती आणि आवाज चढवला होता, म्हणजे ती घाबरली होती. स्टीलचा पॅन शेगडीवर ठेवला आणि जुन्या सवयीने, तो नीट तापायच्या आतच, अंडं फोडलं. पॅन तिरका केला. अंडं जागचं हललं नाही. अजून तिरका केला. पिवळं फक्त ओघळून काठावर आलं.

मागून एक आजोबा मोठ्याने म्हणाले, "सरकनताई, आज सरकेना!"

सगळे हसले. साहेब पायापासून कानापर्यंत लाल झाले. मला इतकं वाईट वाटलं की मी एक टॉवेल घेऊन उगाचच घड्या घालत बसले. ताईने आजोबांकडे बघितलं, पॅनकडे बघितलं, आणि तीही हसायला लागली. खोटं नाही, अगदी पोट धरून.

"आजोबा," ती म्हणाली, "मी घाई केली. त्याने मला पकडलं. आता बघा." तिने पॅनमध्ये गरम पाणी ओतलं, तारेची घासणी घेतली आणि पदर खोचून, खसाखसा, अंगातला सगळा जोर लावून तो घासला. पुसला आणि उंच धरला. आरशासारखा. "हीच घासणी तुमच्या घरच्या पॅनवर घालून बघा बरं!"

हसू थांबलं. पुढच्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, "आमच्या ह्यांना तर हेच हवंय. ते सगळं असंच घासतात."

मग ताईने पॅन पुन्हा ठेवला. पाण्याचे थेंब शिंपडले. ते मण्यांसारखे गोल होऊन इकडून तिकडे पळायला लागले, तशी लहान पोरं पुढे घुसली. ताईने तेल घातलं, आच कमी केली, अंडं फोडलं. "आता कोणी काही करायचं नाही," ती म्हणाली. "थांबायचं."

आणि अख्खा मजला थांबला. माझ्यासमोरचं गिऱ्हाईक उशी छातीशी धरून तिकडे वळलं होतं. अंड्याच्या कडा तांबूस झाल्या. ताईने पॅन नुसता हलवला आणि अंडं गिरकी घेतल्यासारखं सुटलं. आजोबांनी पहिली टाळी वाजवली. ते अंडंही तिने त्यांनाच दिलं.

खालची फळी त्या दिवशी रिकामी झाली. साहेबांनी घाम पुसत नव्या मालाची मागणी पाठवली आणि सोमवारपासून ताईला वेगळं टेबल दिलं. नॉनस्टिकचं टेबलही राहिलं, तिथे दुसरी मुलगी आली. कोणी ताईला विचारलं तर ती सरळ सांगायची, "एकटे असाल, हलक्या हाताचे असाल, तर तिचा घ्या. घरात आमच्यासारखी माणसं असतील तर माझा घ्या."

काही महिन्यांनी साहेबांना नवीनच काळजी लागली. "ताई, ही भांडी बिघडतच नाहीत. लोक परत येणार कसे?"

"येतात की," ताई म्हणाली. "बहिणीला घेऊन येतात, जावेला घेऊन येतात." ते खरंच होतं. शिलाईवाल्या बाई तर काहीच घ्यायचं नसलं तरी यायच्या, आज काय काय सुटलं ते सांगायला.

पुढच्या वर्षी ताईच्या मुलीला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. ती गेली त्या सकाळी ताई ओट्यापाशी उभी राहिली तर भिंतीवरचा खिळा रिकामा. पोरीने बिडाचा पॅन न विचारता बॅगेत घातला होता. इतक्या दिवसांत तो काळाभोर, गुळगुळीत झाला होता. त्याच्यात अंडं झोपेतही सुटायचं.

"चोर आहे चोर!" ताई मला सांगत होती, आणि तिचे डोळे भरून आले होते, आणि ती हसतही होती. "कपाटात चांगलं धडाचं नवं भांडं होतं, ते नाही नेलं. माझं वापरातलं नेलं."

"मग आता?" मी विचारलं.

"आता काय? पुन्हा पहिल्यापासून. सासूबाईंना सांगून ठेवलंय, उद्यापासून भुगा मिळेल म्हणून. त्या म्हणाल्या, चालेल, फार दिवसांत खाल्ला नाही."

दुकान बंद व्हायच्या वेळी तिने स्वतःच्याच टेबलावरून नवा बिडाचा पॅन उचलला. पिशवीत घातला तर पिशवी जमिनीला टेकायला लागली. मी एक बंद धरला, तिने दुसरा, आणि आम्ही दोघी मध्ये तो पॅन झुलवत, कोणाचा पाय मध्ये येतोय यावरून भांडत, बसस्टॉपकडे निघालो.