राजवाड्यातल्या लग्नाचं वचन

राणीसाहेबांनी राज्य केलं ते जेमतेम एक हिवाळा. पुढे त्या परागंदा होऊन एस्तोरिलच्या किनाऱ्यावर भाड्याच्या बंगल्यात राहिल्या, आणि त्यांची वेणीफणी करणारी मिल्यानाही त्यांच्याबरोबर आली. तिथल्याच बेल्शियोर पाववाल्याने तिला मागणी घातली. पण त्या घराण्याच्या चाकरीतल्या मुलीला राणीच्या संमतीवाचून लग्न करता येत नसे. राणीसाहेब दरवेळी तिचा हात हाती घेऊन म्हणत, "परक्या मुलखात कशाला, पोरी? परत गेल्यावर राजवाड्यातच तुझं लग्न लावून देईन." एवढ्या मायेपुढे मिल्यानाला काही बोलवत नसे. अशीच वर्षं गेली आणि तिचे केस पिकू लागले.

"राज्य एका हिवाळ्याचं, अन् तुझी चाकरी मात्र जन्माची!" बेल्शियोर एकदा चिडून म्हणाला. "थांब, मीच विचारतो त्यांना."

तो तणतणत आत गेला. बऱ्याच वेळाने बाहेर आला, तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता.

"दिली परवानगी?" मिल्यानाने विचारलं.

"अगं, राजवाड्याची भट्टी माझ्याकडे सोपवणार म्हणाल्या! थोडं थांबूया की."

मिल्याना भिंतीला टेकली. तिला या घरातून सोडवायला आता बाहेर कोणीच उरलं नव्हतं.