झाकणासाठी मुळशी

कऱ्हाड सोडलं तेव्हा उजाडायचं होतं आणि माझं डोकं मात्र आधीच तापलेलं होतं. गाडी मीच चालवते, कारण आमचे अविनाशराव चार चाकांच्या वाहनाला वाहनच समजत नाहीत. मागच्या सीटवर दोन पोती होती. एकात जुन्या मोटारसायकलींचे आरसे, पाइप, गिअरचे दांडे. दुसऱ्यात नुसती पेट्रोलच्या टाक्यांची झाकणं. टाकी एकही नाही. गेली काही वर्षं हे गृहस्थ एका टाकीच्या शोधात बाजारोबाजार फिरताहेत आणि प्रत्येक ठिकाणाहून झाकण घेऊन परत येताहेत. ‘असू दे, लागेल कधीतरी,’ हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

प्रकरण असं, की निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःच्या हातांनी मोटारसायकल बांधायला घेतली. तयार घ्यायची नाही, बांधायची. इंजिन इचलकरंजीच्या भंगारातलं, सांगाडा मिरजेचा, चाकं फलटणची. एकाही भागाची दुसऱ्याशी ओळख नाही. मूळ गाडीचं नाव मी इथे लिहिणार नाही, आमच्या घरात ते पुरेसं घेतलं गेलं आहे. पूर्वी खेडोपाडी दूधवाले जी फटफटी वापरायचे ती, एवढं सांगितलं म्हणजे झालं. ही गाडी आमच्या ओसरीवर उभी आहे आणि तिचं इंजिन झोपाळ्याच्या कड्यांना साखळीने टांगलेलं आहे. त्या कड्या मी मोठ्या हौसेने बसवून घेतल्या होत्या. झोपाळा जुन्या चादरीत गुंडाळून कपाटामागे पडला आहे.

म्हणून या वेळी मी करार केला. मुळशीच्या बाजारात टाकी मिळाली तर दिवाळीपर्यंत गाडी पुरी करून ओसरीवरून हलवायची. नाही मिळाली तर सगळं भंगारवाल्याला. कसंही झालं तरी झोपाळा माझा. अविनाशरावांनी मान डोलावली, पण ते खिडकीतून बाहेर बघत होते.

चांदणी चौकातून पौड रस्त्याला लागलो आणि माझा उरलासुरला उत्साह भूगावच्या गर्दीत संपला. पुढे टेम्पो, मागे सिमेंटचा मिक्सर, दोन्ही बाजूंना ‘निसर्गाच्या कुशीत’ घरं विकणाऱ्या पाट्या. निसर्ग त्या पाट्यांच्या मागे होता. पाऊस सरून डोंगर अजून हिरवे होते, खाचरांत भात पिवळं पडायला लागलं होतं आणि मध्येच एखाद्या कारखान्याची निळी शेड बसलेली. पिरंगुटच्या बाजारपेठेत एका शेळीने आमची गाडी थांबवली आणि शेळीवालीने मलाच चार शब्द सुनावले.

बाजार घोटावडे फाट्याजवळच्या एका लग्नाच्या लॉनवर होता. त्याला ही मंडळी ‘स्वॅप मीट’ म्हणतात. आपल्या भाषेत अदलाबदलीचा बाजार. नियम एकच: पैशांचं नाव काढायचं नाही, वस्तूला वस्तू द्यायची. कमानीवर आदल्या दिवशीच्या वधूवरांची नावं तशीच होती आणि तिच्याखाली ताडपत्र्यांवर हँडल, सायलेन्सर, हेडलाइट मांडलेले. हिंजवडीच्या कंपन्यांतली दाढीवाली मुलं त्यातून मन लावून हिंडत होती. एकजण गंजलेला पत्रा हातात घेऊन, लग्नाच्या शालूवरून फिरवावा तसा त्यावरून हात फिरवत होता.

मी गाडी लावून येईपर्यंत अविनाशरावांचा पहिला सौदा झाला होता. त्यांनी माझा जेवणाचा स्टीलचा मोठा डबा देऊन एक गोल आरसा घेतला होता. आतली धपाटी आता वर्तमानपत्रात बांधलेली.

“काकू, डबा कसला भारी आहे,” डबा घेतलेला दाढीवाला मला म्हणाला, “साइड बॉक्सला एकदम परफेक्ट.” जे बोलायचं ते आरसा धरून उभ्या असलेल्या माणसाला बोलले.

टाकी आम्हाला मिळाली ती स्टेजवर. वधूवरांच्या लाल मखमली कोचावर, जिथे आदल्या दिवशी नवरी बसली असेल तिथे, ती काळी टाकी एकटीच ठेवलेली होती. अविनाशराव पुढे गेले आणि तिच्यासमोर नुसते उभे राहिले. इतकी वर्षं मी या माणसाला ओळखते. पण असा चेहरा मी फार थोड्या वेळा पाहिला आहे. हीच ती, असं ते मला हळूच म्हणाले.

ती बापूंची होती. बापू म्हणजे त्या लॉनचे मालक, पन्नाशीचे, पांढरे बूट घातलेले. जमीन थोडी विकली, उरलेल्या तुकड्यावर लॉन काढलं. टाकीच्या बदल्यात काय हवं, असं विचारल्यावर ते शांतपणे म्हणाले, “टाकी घेऊन जा की. तिचं झाकण तेवढं आणून द्या.”

मग सगळी कथा ऐकावी लागली. गाडी त्यांच्या वडिलांची. वडील गेल्यावर बापू आणि थोरले भाऊ तात्या यांच्यात वाटणी झाली. इकडची रीत अशी, की थोरल्याने वाटे (हिस्से) पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा, म्हणजे थोरला लबाडी करत नाही. शेत वाटलं, घर वाटलं, भांडी वाटली, राहता राहिली मोटारसायकल. तीही वाटली. तात्यांनी ती सुटी करून दोन ढीग केले. एकात इंजिन नि चाकं, दुसऱ्यात टाकी, सांगाडा नि सीट. बापूंनी टाकीचा ढीग उचलला. घरी आल्यावर बघतात तर टाकीला झाकण नाही. ते इंजिनाच्या ढिगात गेलं होतं. मुद्दाम, असं बापूंचं म्हणणं. तेव्हापासून भाऊ भावाशी बोलत नाही.

अविनाशरावांनी घाईघाईने पोतं उघडून दाखवलं: अगदी अशीच आहेत, यातलं कुठलंही घ्या. बापूंनी पोत्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बापाचंच पाहिजे. मी न राहवून विचारलं, की टाकी आम्हाला दिल्यावर नुसत्या झाकणाचं तुम्ही करणार काय?

“ते माझं मी बघीन. त्याच्याकडं न्हाई राह्यलं पायजे.”

तात्या मारुंजीला राहतात, असं कळलं. निघालो.

घोटावडे, माण, हिंजवडी करत मारुंजीला पोहोचायला जो वेळ लागला, त्यात माझ्या हिशेबाने माणूस साताऱ्याला जाऊन चहा पिऊन आला असता. काचेच्या इमारती, खणलेले रस्ते, खांबाखांबावर ‘रूम भाड्याने देणे आहे’. आणि या सगळ्यातून मी जात होते एका झाकणासाठी, तेही मागे झाकणांचं अख्खं पोतं असताना.

तात्यांनी शेतावर चार मजली इमारत बांधून खोल्या भाड्याने दिल्या आहेत. ते स्वतः खाली पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून भाडेकरूंच्या गाड्यांवर लक्ष ठेवतात. त्यांच्यापाशी खोटं बोलायचं, असं अविनाशरावांनी वाटेत ठरवलं होतं. मी सरळ खरं सांगून टाकलं, कारण मला लवकर घरी जायचं होतं. तात्यांनी ऐकून घेतलं आणि थोडा विचार केला.

“म्हंजी टाकी कऱ्हाडला जाणार? परत येणार न्हाई?”

नाही, म्हटलं.

“मग न्या. बसू दे त्याला झाकण चाटत.”

आत जाऊन त्यांनी कपाटाच्या दागिन्यांच्या कप्प्यातून ते झाकण आणलं. बदल्यात काही नको म्हणाले. टाकी भावाच्या घरातून जाते आहे, हेच त्यांना पुरलं. दोन सख्ख्या भावांनी इतक्या आनंदाने काही देऊन टाकलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

निघताना तात्यांच्या बायकोने गाडीपाशी येऊन माझ्या हातात एक पिशवी दिली. “घोटावड्यात आमच्या वन्सं हायेत, ह्यांची बहीण, सुमनताई. तुमच्या वाटंवरच हाय. एवढी भाजणी पोचवाल का? आमच्या ह्यांचं जाणं-येणं भाऊबिजंपुरतंच.” नाही कसं म्हणणार? आधीच एका झाकणाची पोस्टमन झाले होते, त्यात भाजणी.

सुमनताईंचं घर कारखान्याच्या कुंपणाला लागून, पलीकडे भाताची खाचरं. भाजणी घेऊन आलेल्या परक्या माणसांना त्यांनी एक प्रश्न न विचारता आत बसवलं. वर्तमानपत्रातल्या धपाट्यांकडे एकदा बघून त्यांनी चुलीवर तांदळाच्या भाकरी टाकल्या. लसणाची चटणी, गरम भाकरी, ताक. त्या दिवसात पहिल्यांदा माझा आवाज खाली आला. आणि तेवढ्यात अविनाशरावांनी, पोट भरल्याच्या खुशीत, खिशातून झाकण काढून दाखवलं.

सुमनताईंनी ते हातात घेतलं, उलटं केलं आणि आतल्या निळ्या रबराच्या वॉशरवरून नख फिरवलं.

“ही माझी चप्पल हाय,” त्या म्हणाल्या.

वडील पहाटे दूध घालायला निघायचे. दोन्ही बाजूंना कॅन, आणि शाळेला सोडायची म्हणून ही पोर पुढे टाकीवर. उन्हाळ्यात टाकी तापायची, तर वडील ओलं गोणपाट घालायचे. झाकणाचं जुनं वॉशर झिजून गेलं आणि पेट्रोल हिच्या फ्रॉकवर उडायला लागलं, तेव्हा त्यांनी हिच्याच तुटक्या चपलेतून गोल कापून आत बसवलं. तात्यांनाही हे ठाऊक नाही, बापूंनाही नाही. झाकण उलटं करून बघायची दोघांना कधी गरजच पडली नाही.

वाटणीच्या वर्षी भाऊबिजेला सुमनताईंनी ओवाळणीत टाकी मागितली होती. तात्या म्हणाले, ती बापूच्या वाट्याची, त्याला विचार. बापू म्हणाले, बिनझाकणाच्या टाकीचं काय करशील, आधी झाकण त्याच्याकडून आण.

“जमिनीचं हक्कसोड दिलं तवा कुणी ह्याला इचार, त्याला इचार म्हणलं न्हाई,” सुमनताई म्हणाल्या. “सही लगीच लागत हुती.”

मग त्यांनी झाकण पदराने पुसलं आणि अविनाशरावांच्या हातात परत ठेवलं. “चांगल्या गाडीला लावा. नातवंडं बसवा म्होरं.”

तिथून लॉनपर्यंत मी रागातच गाडी चालवली. मला तात्यांचा राग येत होता, बापूंचा येत होता, आणि टाकी मागूनही आज आपल्या तोंडून ‘द्या’ न काढणाऱ्या त्या बाईचाही. सगळ्यात जास्त राग शेजारी बसलेल्या माणसाचा, कारण आता त्याचं स्वप्न मलाच मोडावं लागणार होतं. तेही, टाकी मिळून माझा झोपाळा मोकळा होणार असताना.

लॉनवर मी गाडीतच बसून राहिले. अविनाशराव झाकणांचं पोतं खांद्यावर टाकून आत गेले. पोतं कशाला, हे विचारायचंही मला सुचलं नाही. लांबून दिसलं ते एवढंच, की बापूंनी झाकण घेतलं, न बघता खिशात टाकलं आणि हसले. मग दोन मुलांनी टाकी उचलून मागच्या सीटवर ठेवली. कऱ्हाडलाच नेताय ना नक्की, असं बापूंनी खिडकीत वाकून विचारलं. अविनाशरावांनी त्यांना नमस्कार केला.

फाट्यावर पुण्याकडे वळायचं होतं. मी घोटावड्याकडे वळवली.

“टाकी सुमनताईंना द्यायची,” मी समोर बघत म्हटलं. “काय बोलायचं ते बोलून घ्या.”

मी पुन्हा म्हटलं, बिनझाकणाची तर बिनझाकणाची. तेव्हा त्यांनी शर्टाच्या खिशात हात घातला आणि झाकण काढून माझ्या पुढ्यात धरलं. आत निळं रबर.

“मग बापूंना काय दिलंत?”

“पोत्यातलं एक.” झाकण परत खिशात ठेवत ते म्हणाले, “तिनं ते पुसून परत दिलं ना, तेव्हाच ठरवलं होतं. तुला कसं सांगावं ते कळेना. तुझा करार होता.”

मला गाडी बाजूला घ्यावी लागली. राग आला होता, हे तर आहेच. इतकी वर्षं संसार करून या माणसाला वाटावं, की मी नाही म्हणेन? पण डोळ्यांत पाणी रागाने आलं नव्हतं. त्यांनी आपला रुमाल पुढे केला. त्याला ग्रीस लागलेलं होतं.

सुमनताईंनी टाकी बघितली आणि आधी दार लोटून घेतलं. मग मूल घ्यावं तशी ती कडेवर घेतली आणि झाकण बसवून फिरवलं. फुकट घेणार नाही म्हणाल्या. वस्तूला वस्तू हा नियम त्यांना कुणी सांगितलेला नव्हता, तरी त्यांनी इंद्रायणी तांदळाची एक पिशवी आमच्या गाडीत ठेवलीच. भावांना कळलं तर, असं मी विचारलं.

“कळंलच की. भाऊबिजंला येत्यात. ओवाळायच्या पाटाशेजारी ठिवणार हाय मी.”

परतीच्या वाटेवर मी खूप भांडले. डबा गेला म्हणून, आरसा तडा गेलेला निघाला म्हणून, पोतं खंबाटकी घाटात सांडून सगळी झाकणं सीटखाली घरंगळली म्हणून. अविनाशराव तक्रार न करता वाकून एकेक झाकण गोळा करत होते. त्यांना आता त्यातल्या कुठल्याच झाकणाबद्दल कुणी काही बोलू शकणार नव्हतं, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

इंजिन अजून झोपाळ्याच्या कड्यांनाच लटकतं आहे. करारात टाकी मिळाली तर काय आणि नाही मिळाली तर काय, एवढंच होतं. मिळाली पण आणली नाही, याचं कलम मी घातलं नव्हतं. परवा भंगारवाला दारावरून ओरडत गेला तेव्हा मी सुमनताईंच्या तांदळाचा कुकर लावत होते. म्हटलं, एवढा कुकर होऊ दे, मग हाक मारते. कुकर होईपर्यंत तो पार कोपऱ्यावरून वळून गेला होता.