चहाआधीचा तास

उंब्रजच्या स्टँडवर सांगलीची गाडी लागली, तशी आईनं शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा माझ्या मांडीवर ठेवला आणि रडायच्या आत तोंड फिरवलं. दादा, म्हणजे माझे वडील, फौजेतून रिटायर झालेले. ते खिडकीशी येऊन म्हणाले, "फौजीची पोर हायस. दमायचं न्हाई." मी मान हलवली. पोलीस भरतीच्या अकॅडमीत निघाले होते. लय तोरा होता बघा!

तो तोरा पहिल्याच आठवड्यात ग्राउंडवर उतरला. आठशे मीटरमध्ये दुसऱ्या वळणाला डोळ्यांपुढं काजवे. मला वाटलं, सराव कमी पडतोय, म्हणून आणखी पळाले आणि एक दिवस धाडकन पडले. सर म्हणाले, "असंच राहिलं तर यंदाची भरती विसर." त्या दिवशी मात्र मी बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडले.

खरं कारण मला माहीत होतं, पण बोलायची लाज. पाळी आली की सात-आठ दिवस नुसती धार. घरी सांगितलं होतं, तर आई म्हणालेली, "बाईच्या जातीला असतंयच. आमी काय बसून राहिलो व्हय?"

रूममेटनं हाताला धरून मिरजेला दवाखान्यात नेलं. हिमोग्लोबिन आठ! डॉक्टरबाईंनी सोनोग्राफी केली, रक्तस्राव कमी व्हायचं औषध दिलं आणि लोहाच्या गोळ्या. पहिल्याच आठवड्यात संडास काळीभोर झाली. घाबरून आईला फोन केला, तर तिनं तिकडं देवाला नारळ बोलला. गोळीनं तसं होतंच, हे नंतर कळलं. नारळ मात्र फोडावा लागला.

दोन महिन्यांनी परत रक्त तपासलं. आकडा जागचा हलेना.

"गोळ्या घेतेस ना?"

"रोज घेते की, चहाबरोबर."

बाईंनी कपाळावर हात मारला. "अगं, चहा लोह अंगी लागू देत नाही!"

आता आमच्या घरात तापाची असो, डोकेदुखीची असो, गोळी चहाच्या घोटाबरोबरच उतरते. पाण्यानं गोळी घेतात हे मला पुस्तकातलं वाटायचं. त्या दिवसापासून गोळी लिंबाच्या पाण्याबरोबर, चहा तासाभरानं. काही महिन्यांत ते दुसरं वळण कधी मागं पडलं कळलंही नाही. भरती झाले! दादांनी गल्लीभर पेढे वाटले.

आज पुण्यात ड्युटी. स्वतःची खोली, कुकर, शिफ्टचं वेळापत्रक. घराबाहेर पडलेल्या पोरींनो, तुमचंही असंच चाललं असेल. पण दिवाळीला गावी गेले आणि बघितलं, आई रानातनं येताना दोनदा बांधावर टेकली. "वय झालं गं," म्हणाली. वय कसलं, त्रेचाळीस! कराडला नेऊन रक्त तपासलं. सात. मला आठवर चक्कर येत होती, आणि ही सातवर रानात तण काढत, भांगलण करत होती. माझाच मला राग आला. माझी गोळी सुरू झाली, तेव्हा तिचंही रक्त तपासावं हे का नाही सुचलं?

आता घरी गेलं की दारातच चहा मिळत नाही. आई आधी लिंबाच्या पाण्याचे दोन पेले आणते. दोघी गोळ्या घेतो आणि तासभर वाट बघतो. चहा नाही, मग उठायचं कशाला, म्हणून ती माझ्याशेजारी उंबऱ्यावर बसते. एवढ्या वर्षांत आईला नुसतं बसलेलं मी पहिल्यांदा बघते आहे. माझं घर म्हणजे आता चहाआधीचा तेवढा तास.