साखळी धरणाऱ्याचा नातू

साहेबांनी कूलरचा ग्लास माझ्या हातातून काढून घेतला. ओढला नाही. दोन बोटांनी वरून धरून उचलला, पिकअपच्या फळीवर ठेवला आणि म्हणाले, "ओंजळ कर."

मी केली.

मग ते ड्रायव्हरला म्हणाले, "शेरजमान, ऊपर से डालो. उसको आदत है."

मला सवय नव्हती. माझ्या आईला होती. तिनं विहिरीवर तासन्‌तास वाट बघून असं पाणी घेतलेलं. मला ते तिच्या तोंडून ऐकून माहीत होतं, एवढंच. आणि आता आखातात, रास अल खैमाच्या डोंगरापाशी, रणरणत्या उन्हात, मी हात जोडल्यासारखा उभा. पाणी कोपरापर्यंत ओघळलं. अर्धं वाळूत गेलं. मी ओंजळ पुन्हा पुढं केली. तहान लागली होती. त्या दुसऱ्या ओंजळीची लाज मला पहिलीपेक्षा जास्त वाटते.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. आमच्या कंपनीला सरकारी मोजणीचं काम मिळालं होतं. डोंगराच्या पायथ्याला एका बाजूला खजुराचे मळे, दुसऱ्या बाजूला दगडाच्या खाणी. खाणवाले सुरुंग लावत लावत मळ्यांत शिरायला लागले, म्हणून सरकारला हद्द पक्की करून हवी होती. साहेब सर्व्हेअर. पुण्याचे. ते तिपाईवरच्या यंत्रातून बघायचे आणि मी लांब खडकावर आरशाचा दांडा धरून उभा राहायचो. वॉकीटॉकीवर त्यांचा आवाज यायचा, "डावीकडे. अजून थोडा. थांब." अख्ख्या दिवसात कानावर पडणारं मराठी तेवढंच. मला ते आवडायचं. दिवाळीत त्यांनी घरचा बेसनाचा लाडू माझ्या हातावर ठेवला होता.

तोवर त्यांना माहीत नव्हतं.

कळलं ते माझ्याच तोंडून. दुपारी झाडाखाली डबे उघडले होते. ते खुशीत होते. दांडा सरळ धरतोस, कुणी शिकवलं, असं विचारलं. मी फुशारून सांगितलं, आमचा आजा गावात सरकारी मोजणीची साखळी धरायला जायचा. मोजणीदाराच्या घोड्यापुढं पळायचा. हद्दीचे दगड दाखवायचा.

साहेबांचा घास हातातच राहिला. गावात घर कुठं, म्हणाले. मी म्हणालो, ओढ्यापलीकडं. त्यांनी मान हलवली. डबा बंद केला. पोळी अजून शिल्लक होती त्यात.

दुसऱ्या दिवशी ओंजळ.

संध्याकाळी अजमानला कॅम्पवर परतताना साहेब वाटेत उतरले. मग शेरजमाननं गाडी हळू केली. पेशावरकडचा पठाण. वयानं माझ्या थोरल्या भावाएवढा. त्यानं विचारलं, "तेरे को कोई बीमारी है?"

मी म्हणालो, "हाँ."

एवढंच. तोंडातून निघून गेलं. आजारी असणं मला सोपं वाटलं.

कॅम्पात एका खोलीत आम्ही दाटीवाटीनं झोपायचो. शेरजमान भला माणूस. माझ्या काळजीपोटी त्यानं खोलीत विचारलं, याला कुठल्या डॉक्टरकडं न्यायचं. दोन दिवसांत माझी खाट कोपऱ्यात गेली. म्हणजे माझी जागेवरच होती, बाकीच्यांच्या सरकल्या. माझं ताट वेगळं. माझी बादली वेगळी. शेजारचा मल्याळी पोरगा तोंडावर टॉवेल घेऊन झोपायला लागला. शांताराम म्हणून एक रत्नागिरीकडचा सुतार होता, खोलीतला सगळ्यांत जुना. तो मला म्हणाला, घरी जा बाबा, कंपनीला कळलं तर तसंही व्हिसा कॅन्सल करतील.

मी खाटेवर पडून बघत होतो. दिवसा साहेबानं केलं ते आता माझ्या खोलीत सुरू झालं होतं. आणि ते मी माझ्या हातानं आणलं होतं.

जुम्म्याच्या सुट्टीला सगळे खोलीत असताना मी उठलो आणि सांगितलं. मला रोग नाही. मी महार आहे. आता बौद्ध. माझा साहेब मला वरून पाणी देतो, ते माझ्या जातीमुळं.

कुणाला काही कळलं नाही. मल्याळ्याला थोडं कळलं असावं, तो खाली बघायला लागला. शेरजमानला मला मोडक्यातोडक्या हिंदीत समजवावं लागलं. जन्म, गाव, विहीर. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तो तूने बीमारी क्यों बोला?"

आजाऱ्याची लोक कीव तरी करतात, असं काहीतरी माझ्या मनात असणार. पण ते त्याला सांगायची हिंमत झाली नाही. त्या प्रश्नानं माझं आतून सालपट काढलं. माझ्यात काही खराब आहे हे साहेबानं एकदा सुचवलं आणि मी हो म्हणालो होतो.

शेरजमाननं त्याची खाट परत माझ्या खाटेला आणून भिडवली. मल्याळ्यानंही आणली.

शांतारामनं नाही आणली. रोगाचं ऐकून सरकवली होती, जातीचं ऐकून तिथंच ठेवली. गावाकडचं माझं बोलणं समजणारा खोलीतला तो एकटा.

पुढच्या आठवड्यात आम्ही एका म्हाताऱ्या अरबाच्या मळ्यात गेलो. खाणीची धूळ त्याच्या खजुरांवर बसून पानं पांढरी झालेली. हद्द ठरली तर मळा वाचेल, म्हणून तो आमची वाट बघत होता. स्वतः कॉफी घेऊन आला. त्यांच्यात एक रीत आहे, हातात बिनकानाचे दोन-चार छोटे कप असतात आणि एकानं पिऊन दिला की त्याच कपात दुसऱ्याला ओततात. मी त्याच्या जवळ उभा होतो. पहिला कप मला दिला. मी प्यायलो. त्यानं त्यातच पुन्हा ओतली आणि साहेबांपुढं धरली.

साहेब हसले. पोटाला हात लावला. नो कॉफी, म्हणाले.

म्हाताऱ्याचा हात तसाच राहिला. त्यानं दुसऱ्यांदा पुढं केला. साहेबांनी बॅगेतली पाण्याची बाटली काढून दाखवली, मला हेच चालेल म्हणाले. म्हाताऱ्यानं शेरजमानकडं बघून अरबीत काही विचारलं. शेरजमाननं माझ्याकडं बघितलं.

माझा पासपोर्ट कंपनीच्या कपाटात होता. घरी बहिणीचं लग्न ठरत होतं. हे सगळं मला त्या क्षणाला आठवलं, नाही असं नाही.

मी म्हणालो, "शेरजमान, इनको बता दे. कप को मेरा मुँह लगा है, इसलिए साब नहीं पी रहे."

साहेब मराठीत म्हणाले, "तोंड सांभाळ. काय बोलतोयस कळतंय का तुला?"

मी म्हणालो, "कळतंय. आज कळतंय."

शेरजमाननं सांगितलं. म्हाताऱ्यानं शांतपणे ऐकलं. कपातली कॉफी स्वतः प्यायला. मग जे बोलला ते शेरजमाननं साहेबांच्या तोंडावर हिंदीत सांगितलं, "बोलता है, कप मेरा है. खलास. आज नापना नहीं. दूसरा आदमी भेजो."

आम्ही यंत्र न उघडता परतलो.

दोन दिवसांत माझी बदली खाणीतल्या क्रशरवर झाली. कारण दिलं नाही. तिथं दगड फुटतो आणि माणूस पिठासारखा पांढरा होतो. डोळे, दात, खोकला, सगळं पांढरं. म्हाताऱ्याच्या मळ्याची मोजणी दुसऱ्यानं केली. हद्द कुठं पडली, मला कळलं नाही. मी जिंकलो असं कुणी समजू नये.

रमजानच्या सुमारास साहेब स्वतः क्रशरवर आले. गाडीतून उतरले नाहीत. काच अर्धी खाली घेतली. माझ्याजागी घेतलेल्या पोराला दांडा धरणं जमत नव्हतं. म्हणाले, झालं गेलं विसर, सॉरी म्हण, परत घेतो तुला.

तोंडावरचं फडकं मी काढलं.

"साहेब, सॉरी तुम्ही म्हणायचं. म्हणा, मी येतो."

काच वर गेली. गाडी गेली.

मी क्रशरवरच राहिलो, करार संपेपर्यंत. छातीत अजून ती धूळ आहे. नंतर दुसऱ्या कंपनीत लागलो, दुसऱ्या खोलीत राहिलो, मराठी माणसं भेटत गेली. कोण कुठला, हे विचारल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. मी गाव सांगतो. आणि त्यांनी पुढचं विचारायच्या आत जात सांगतो. आवाज न चोरता.

मग समोरच्याचा चेहरा बघत बसतो. ज्याला जेवणावरून उठून जायचं असेल, त्यानं जावं. मी उठणार नाही.