व्यवहार वडिलांशी

मामाची शंभर सीसीची मोटारसायकल मी नऊ वर्षे चालवली. नोकरीसाठी तो बाहेरगावी गेला तेव्हा ती माझ्याकडे आली आणि या नऊ वर्षांत एकदाही मला रस्त्यात टाकून बंद पडली नाही. तरीही ती माझी नव्हती. नाकाबंदीत कागद पाहणारा हवालदार विचारायचा, "गाडी कुणाची?" मी सांगायचे, "मामाची." या उत्तराने त्याचे समाधान होई, माझे होत नसे. नोंदणीची पंधरा वर्षे संपत आली आणि नूतनीकरणासाठी पुन्हा मामाच्याच सह्या लागणार हे कळले, तेव्हा मी ठरवले, आता गाडी घ्यायची ती जुनी का होईना, पण स्वतःच्या नावावर.

मी धातूंच्या चाचण्या करणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. नमुने ताणायचे, वाकवायचे, ते कुठे तुटतात याची नोंद करायची. गाड्याही मी त्याच शिस्तीने पाहिल्या. मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका, असे प्रत्येकाला फोनवर बजावत असे, कारण गार इंजिन पहिल्या किकला काय करते यावरून बरेच कळते. स्वारगेटजवळच्या एका विक्रेत्याकडे इंजिनाला तळवा लावला तर ते चांगले कोमट होते. त्या गाडीचा मीटर जेमतेम वर्षभराचे किलोमीटर दाखवत होता आणि ब्रेकच्या पेडलवरचे रबर मात्र झिजून गुळगुळीत झाले होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असणे शक्य नव्हते. मी तसे म्हटल्यावर विक्रेता म्हणाला, एवढे कोणी बघत नाही. मग तो शेजारच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

सातवी गाडी नारायण पेठेत होती. मालक निवृत्त शिक्षक, गुडघ्यांमुळे आता रिक्षाने फिरणारे. इंजिन गार. पहिल्या किकला सुरू. साखळीला योग्य तेवढीच ढील, हँडलमध्ये जराही खडखड नाही, आणि सीटखालचे डावे झाकण काढले तर त्याच्या आतल्या बाजूला बारीक, सरळ अक्षरात प्रत्येक तेलबदलाची तारीख. अशी गाडी पुन्हा दिसणार नाही हे मला तिथेच कळले. गाडी घेते, असे मी म्हणाले.

"कुणासाठी?" त्यांनी विचारले.

स्वतःसाठी, हे सांगताच त्यांनी झाकण माझ्या हातातून घेऊन परत बसवले. मुलींसाठी स्कूटर असतात, कंपन्यांनी विचार करूनच काढल्या असतील, असे त्यांचे मत होते. गिअरची गाडी नऊ वर्षे चालवते आहे, हे मी सांगितले.

"चालवत असाल. मुली विमानंही चालवतात. प्रश्न माझ्या गाडीचा आहे."

मग त्यांनी तोडगा सांगितला. उद्या काही बरेवाईट झाले तर त्यांच्या जिवाला घोर लागेल. तेव्हा वडिलांना घेऊन यावे, व्यवहार वडिलांशी होईल, गाडी वडिलांच्या नावावर होईल. नंतर घरात ती कोण चालवते ते बघायला ते येणार नव्हते. म्हणजे काळजी माझ्या हातपायांची नव्हतीच. कागदावर एक पुरुष असला की पुरे होता.

इथे माझी चूक झाली. मी रविवारी बाबांना घेऊन गेले. बाबांनी आयुष्यात सायकलपलीकडे काही चालवलेले नाही. ते 'गाडी हिची आहे' एवढे एक वाक्य बोलतील, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात चहा आला. मालकांनी किल्ली बाबांच्या हातात दिली, त्यांना चोक दाखवला, थंडीत तो किती ओढायचा हे समजावले. बाबा सभ्यपणे "हो, हो, बरोबर आहे" म्हणत राहिले. मी दोघांपासून हातभर अंतरावर उभी होते. शेवटी नावाचा विषय निघाला, तेव्हा बाबा म्हणाले, "माझ्याच नावावर करू. तिला चालवायचीच आहे, कागदाचं काय."

मालकांवरचा राग मी समजू शकत होते. त्याची दिशा ठरलेली होती. बाबांवरचा हा दुसरा राग कुठे ठेवायचा, ते मला माहीत नव्हते.

"गाडी माझ्या नावावर होणार असेल तर घेते," मी म्हणाले.

"मग राहू द्या," मालक म्हणाले, आणि बाबांच्या हातातली किल्ली परत घेतली.

आम्ही बाहेर आलो. मी मामाची गाडी सुरू केली आणि बाबा नेहमीसारखे माझ्या खांद्याला धरून मागे बसले. मालक दारापर्यंत आले होते.

"अहो, तुम्ही मागे?"

"मला कुठे येते?" बाबा म्हणाले.

मालक किल्ली मुठीत घेऊन आत गेले. त्यांचा विचार बदलला नाही.

नदीच्या पुलाजवळच्या सिग्नलला बाबा म्हणाले, हातची चांगली गाडी घालवलीस. कागदावर नाव कुणाचेही असले तरी चालवणार तूच होतीस. मी मान न वळवता विचारले, मग घर तुमच्या नावावर कशाला, राहतो तर आपण सगळेच.

"घर वेगळं," बाबा म्हणाले. सिग्नल सुटला आणि मी गाडी पुढे काढली.

पुढच्या महिन्यात मी दुसरी गाडी घेतली. विकणारा यवतमाळकडचा, कारखान्यात कामाला. त्याने एवढेच विचारले, कधी नेता. गाडी बरी आहे, चांगली नाही. ताशी पंचावन्नच्या पुढे हँडल थरथरते. इंजिन जिथे गाडीच्या सांगाड्याला टेकते तिथली रबरे मी दोनदा बदलली, थरथर कमी झाली, गेली नाही. सकाळी प्रयोगशाळेत पोचल्यावर बोटांना मुंग्या आलेल्या असतात आणि पहिला नमुना यंत्रात लावण्याआधी मला थोडा वेळ थांबावे लागते. रोज तेवढा वेळ मला नारायण पेठेतली ती गाडी आठवते. माझा निर्णय बरोबर होता आणि त्याची किंमत माझी बोटे मोजत आहेत, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्यामुळे राग कमी होत नाही.

नोंदणीचे कार्ड टपालाने आले ते बाबांनीच उघडले. मालकाच्या रकान्यात माझे नाव होते. त्याखाली आणखी एक रकाना असतो, कोणाचा मुलगा, कोणाची पत्नी किंवा मुलगी, असे विचारणारा. तो रिकामा ठेवता येत नाही.

"हे बघ," बाबा कार्ड माझ्यापुढे धरून म्हणाले, "आलंच माझं नाव."

ते हसत होते. मी कार्ड त्यांच्या हातातून घेतले, पाकिटात ठेवले आणि कामाला निघाले.