चतुराबाईची पेटी आणि आसारामच्या फ्लॉप्या

आसारामबद्दल लिही असं मला कुणी सांगितलेलं नाही. त्याच्याबद्दल पाथरी तालुक्यात जे उलटसुलट बोललं जातं ते ऐकून माझं डोकं फिरतं, म्हणून लिहितो. त्याला पहिली शिवी मीच दिली होती. तेही लिहितो, लपवत नाही.

पाथरीपासून दोन कोसांवर आमची वाडी. दसरा झाला की अर्धी वाडी कोयते घेऊन ऊसतोडीला जाते, ती पाडव्यानंतरच परत येते. आसारामचे आईबाप त्यातलेच. पोरगं शिकावं म्हणून त्यांनी त्याला आत्याजवळ ठेवलं. ही आत्या म्हणजे चतुराबाई. हिच्याकडं एक लोखंडी पेटी होती. तोडीला जाणारा माणूस धान्याचं, म्हणजे रेशनचं, कार्ड या पेटीत ठेवून जायचा, कारण कारखान्यावरच्या पालात कार्ड भिजतं, नाहीतर चुलीत जातं. गावात नसलेल्यांच्या नावावर धान्य उचलू द्या, म्हणून रेशनचा दुकानदार दर महिन्याला दारात यायचा. चतुराबाई त्याला उंबऱ्याच्या आत येऊ देत नसे.

"माणूस गावात न्हाई आन् त्याच्या नावचे गहू कोण खायलंय? तू का?" एवढंच म्हणायची.

अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्यावरून वाडीच्या कडेची आमची दलित वस्ती जाळली. जाळणारे परके नव्हते. त्यानंतर वाडीचं पाणी वेगळं, वस्तीचं वेगळं. बोलणं तर बंदच. पण आमच्या वस्तीचीही कार्डं त्याच पेटीत जायची. त्या दिवशी या बाईनं आमच्या बायापोरांना घरात घेऊन आतून आडणा लावला होता. त्र्याण्णव सालच्या दसऱ्याला पेटीत त्रेसष्ट कार्डं होती. एक्केचाळीस वाडीची, बावीस वस्तीची.

आसाराम आयटीआय झाला आणि नव्वद साली परभणीला, रेशनच्या कार्डांचा हिशोब ठेवणाऱ्या धान्य संघात लागला. संघ मोठा. मराठवाडाभर त्याची केंद्रं होती आणि तालुक्यातालुक्यात कॉम्प्युटर बसवायचं काम सुरू होतं. औरंगाबादच्या मुख्य कचेरीत कुणी नवा प्रोग्रॅम लिहिला की तो परभणीला येणार. आसारामनं त्याच्या प्रती काढायच्या, तीन तीन फ्लॉप्यांचा एक पुडा बांधायचा, वर केंद्राचं नाव लिहायचं आणि एसटीनं जाऊन तो पुडा तिथल्या मशीनवर बसवून यायचा. फ्लॉप्या तो बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात न्यायचा. गाडीत डबा मांडीवर. एकदा कंडक्टर म्हणाला, "काय हाय एवढं, पेढे का?" तर हा म्हणतो, "अख्खा पालम तालुका हाय ह्याच्यात. हळू हाना ब्रेक."

त्याला आपल्या कामाचा लय अभिमान. एक अक्षर इकडचं तिकडं होऊ देत नसे. केंद्रावरची पोरं दुपारी मशीनवर खेळ बसवायची आणि प्रोग्रॅम बिघडवून ठेवायची. त्यावर यानं एक युक्ती काढली. रोज संध्याकाळी सहा वाजल्यापासून औरंगाबादचा मोठा कॉम्प्युटर केंद्रांना आपोआप फोन लावायचा; त्यासाठी केंद्रावरची मशीन रात्रंदिवस चालू ठेवत, सकाळी फक्त प्रोग्रॅम सुरू करत. आसारामनं त्याला शिकवलं की केंद्रावरचा प्रोग्रॅम मूळ प्रतीशी ताडून बघ, एक आकडा जरी वेगळा दिसला तरी तेवढा भाग पुसून मूळ परत बसव. लाईन तुटली तर पुन्हा फोन लाव, काम होईपर्यंत सोडू नको. औरंगाबादला साहेबलोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याचे साहेब भगवानराव यांनी त्याला चहा पाजला. त्यानं इतक्यांदा सांगितलं की त्या टाळ्या मला आजही ऐकू येतात.

चौऱ्याण्णवचा जानेवारी उजाडला तो अंगावर काटा आणणारा. नामांतराचा निकाल लागणार अशी कुजबुज होती. परभणीच्या स्टँडवर बंदूकवाले पोलीस. ओळखीचे लोक नजर टाळून जायचे. अशात पोखर्णीहून नामांतर चळवळीतल्या आमच्या एका कार्यकर्त्यानं मला एक लांबलचक कागद आणून दिला. तिथल्या केंद्रावर नव्या प्रोग्रॅमची चाचणी झाली होती आणि मशीननं यादी छापली होती: बंद करावयाची कार्डे. नावं वाचली आणि मी तडक संघाच्या कचेरीत घुसलो.

"हे काय हाय रे?" कागद त्याच्या टेबलावर आपटला.

"चाचणी हाय, भाऊ. बोगस कार्डं शोधायचा प्रोग्रॅम."

"वाच नावं. ह्यातला एक तरी माणूस आज घरी हाय का?"

तो वाचायला लागला. बोट खाली सरकत होतं. सहाव्या-सातव्या नावावर थांबलं. सगळे तोडीला गेलेले. तेव्हा मी त्याला जी शिवी दिली ती ऐकून अख्खी कचेरी उभी राहिली. "कोयत्याच्या घरात जन्मून आपल्याच लोकांची नावं कापायलास!" असंही म्हणालो.

 त्यानं डबा उघडला, फ्लॉपी घातली आणि प्रोग्रॅमच्या आतल्या ओळी पडद्यावर आणल्या. शेवटचं धान्य उचलून तीन महिने झाले असतील तर कार्ड बंद. पहिली छाटणी पंधरा जानेवारीला, प्रोग्रॅम सुरू करताच आपोआप. पुढं दर महिन्याच्या पंधरा तारखेला. पहिल्या टप्प्यात पाथरी आणि पालम. दोन्हीकडं हा पुडा त्यानंच डिसेंबरात बसवून ठेवला होता.

"तू वाचलं नव्हतंस?"

"मी पुडा बांधतो, भाऊ. उघडत न्हाई," तो ताठ मानेनं म्हणाला. हे वाक्य तो नेहमीच म्हणायचा. पण या वेळी त्याचं त्यालाच ते ऐकू गेलं. चेहरा उतरला. मग हळूच म्हणाला, "जिथं दुकानदार लोकांच्या नावावर खातो, तिथली कार्डं जित्ती राहत्यात. कागदावर धान्य उचललेलं दिसतं ना. आन् आत्याच्या पेटीतली..."

पुढचं मलाही कळलं. पेटीतल्या कार्डांवर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापासून एक दाणा उचललेला नव्हता. त्रेसष्टच्या त्रेसष्ट जाणार.

आम्ही दोघं भगवानरावांकडं गेलो. मला त्यांनी बसा म्हटलं नाही.

"अरे, वरून आलंय ते. आपण हमाल. हमाल पोतं उसवून बघतो का?"

"साहेब, लोकं तोडीला हायत. खोटी न्हाईत."

"मग आल्यावर नवीन कार्डाचा अर्ज करतील."

"नव्या अर्जाला जुनं कार्ड चालू लागतं, साहेब. हा नियम संघाचाच हाय."

भगवानरावांनी चष्मा काढून पुसला. "लिहून कळवतो वर," म्हणाले. आणि खरंच लिहिलं. साध्या टपालानं. तारीख होती अकरा.

मी मोर्च्याची भाषा करायला लागलो. आसाराम म्हणाला, "जमावबंदी हाय, भाऊ. मोर्चा निघंपर्यंत पंधरा तारीख निघून जाईल." मग त्यानं आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या प्रोग्रॅमला हात लावला. तीनच्या जागी नऊ केलं. एक आकडा. दोन पुडे बांधले, डबा मांडीवर घेतला आणि आम्ही निघालो.

तेरा तारखेला दुपारी पाथरीचं झालं. तिथल्या ऑपरेटरला, बन्सीधरला, यानं विचारलं, "उद्या-परवा तू हायेस ना?" तो म्हणाला, "उद्या संक्रांतीची सुट्टी. परवा दहाला येतो, प्रोग्रॅम सुरू करतो, दुसरं काय काम हाय मला?" आम्ही हसलो. आत्याकडं जाऊन भाकरी खाल्ली. आसाराम तिला म्हणाला, "पेटी सांभाळ." ती म्हणाली, "तू तुझा डबा सांभाळ."

चौदाला दुपारी पालमला पोचलो. सणाची सुट्टी असली तरी तिथला म्हातारा ऑपरेटर मुंजाजी, आसारामचा निरोप मिळाल्यानं, किल्ली घेऊन बसलेला. त्याच्या केंद्राचा फोन पावसाळ्यापासून मेलेला होता. पुडा बसवून होईपर्यंत सहा वाजत आले. मुंजाजीनं तिळगूळ हातावर ठेवला आणि सहज विचारलं, "आमचा फोन दुरुस्त झाला मंजी औरंगाबादची मशीन हे तुमचं पुसून परत पयलंच बसवंल का हो?"

आसारामच्या हातातला तिळगूळ तसाच राहिला.

पालमचा फोन मेलेला होता. पाथरीचा जिवंत होता. कालच्याच संध्याकाळी औरंगाबादच्या मशीननं पाथरीला फोन लावला असणार, एक आकडा वेगळा दिसला असणार आणि नवाचे पुन्हा तीन केले असणार. तसं करायला तिला यानंच शिकवलं होतं. स्वतःचंच काम तो विसरला होता. कारण त्या यंत्रणेनं ज्याचा माग काढावा असा माणूस आपण कधी होऊ, हे त्याच्या डोक्यातच नव्हतं.

आता एकच उपाय. बन्सीधरला सांगायचं की सकाळी प्रोग्रॅम सुरू करू नको. त्याच्या घरी फोन नाही, पण तो केंद्राच्या शेजारीच राहायचा; केंद्रात घंटी वाजली की धावत यायचा. आम्ही बाजारातल्या फोनच्या दुकानात गेलो. सहा वाजून गेले होते. आसारामनं आकडे फिरवले. लाईन व्यस्त. पुन्हा फिरवले. व्यस्त.

"कोण बोलायलंय एवढं सणाचं?" दुकानदार म्हणाला.

"मशीन," आसाराम म्हणाला. "औरंगाबादची मशीन बोलायलीय."

लाईन तुटत होती आणि ती पुन्हा लावत होती, काम होईपर्यंत. हेही यानंच शिकवलेलं.

तेवढ्यात रेडिओवर बातमी आली. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळालं. पालमच्या वस्तीत हलगी वाजायला लागली. सोळा वर्षं आम्ही या बातमीसाठी लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेलो, माणसं पुरली. मी दाराशी उभा होतो, डोळे भरून आले होते आणि मागून फक्त ती टूं टूं ऐकू येत होती. बाजाराची दुकानं धडाधड बंद झाली. फोनवाल्यानं आसारामच्या हातातून रिसीव्हर काढून घेतला. "दगडं येतील. जावा घरी." आणि शटर ओढलं. शेवटची एसटी सुटलीच नाही.

सकाळी उसाचा एक ट्रक मिळाला, गंगाखेडपर्यंत. पुढं चालत, मग पोलिसांच्या हातापाया पडून एका जीपमध्ये. पाथरीला पोचायला बारा वाजले. बन्सीधर दारातच उभा होता, मोठ्या खुशीत. "आज लय चाललीय मशीन! दोन तास नुसती छापायलीय." जमिनीवर कागदाची चळत पडली होती. आसाराम खाली बसला आणि वाचायला लागला. आमच्या वाडीच्या पानावर एका खाली एक त्रेसष्ट नावं होती. वाडीची आणि वस्तीची, मिसळून. जुनी यादी जपून ठेवायला त्यानं जास्तीच्या फ्लॉप्या मागितल्या होत्या. त्या कधीच मिळाल्या नव्हत्या, म्हणून कापलेली नावं परत आणायला काहीच नव्हतं.

संघानं त्याला काढलं. मूळ प्रतीत फेरफार केला, हे कारण. भगवानरावांच्या पत्राचं उत्तर आलं नाही. फेब्रुवारीत बाकीच्या केंद्रांना तोच पुडा गेला. बांधणारा दुसरा होता. आणि मार्चात पालमचा फोन दुरुस्त झाला.

पाडव्यानंतर टोळ्या परतल्या तेव्हा दुकानदार म्हणाला, "तुमचं नाव न्हाई." लोकांनी आसारामला चावडीपुढं अडवून विकला गेलास म्हटलं. मी मध्ये पडलो, पण मी दिलेली शिवी तोवर गावभर झाली होती.  त्यानं उन्हाळाभर संघाच्या पायरीवर बसून एकेकाचे अर्ज लिहिले. त्रेसष्टातली एकोणीस कार्डं मिळाली. त्यातलं एक त्याच्या आईबापाचं.

दसरा झाला. या वेळी टोळीच्या ट्रॅक्टरवर आसारामही होता, कोयता घेऊन. निघण्याआधी आत्याकडं कार्ड द्यायला गेला, मी सोबत होतो. चतुराबाईनं पेटी उघडलीच नाही.

"दुकानदाराला दे," ती म्हणाली.

"आत्या, तो आमच्या नावावर खाईल."

"खाऊ दे. त्यो खाईल तवर तुमी जित्ते दिसाल."

 आसाराम कार्ड घेऊन दुकानाकडं गेला. दुकानदार दारातच होता, हात पुढं करून.