मांडीवरचं बोचकं

समोर बसलेल्या माणसाला घाम फुटला, की ओतूरच्या बाजूचं ते प्रकरण आजही डोळ्यांपुढे येतं आणि स्वतःचीच लाज वाटते. नव्वदचं दशक संपत आलं होतं. जुन्नर तालुक्यातल्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. चेहरा वाचण्यात माझा हात कुणी धरणार नाही, अशी माझी समजूत होती, आणि ती मी चारचौघांत बोलूनही दाखवत असे.

टोमॅटोचा हंगाम होता. सकाळची हजेरी आटोपून मी टपाल पाहत होतो, तेवढ्यात पन्नाशीचा एक शेतकरी आत आला. आमचे हवालदार त्याला म्हणाले, "बसा, पावणं."

"बसाया न्हाई आलो," तो म्हणाला. "माजा धाकला भाऊ मरतोय, साहेब. तिसऱ्यांदा दवाखान्यात घातलाय. तिथं बरा व्हतो, घरी आला की पडतो. मंग घरात काय हाय, ते तुमीच बघा."

"घरात कोण असतं?"

त्याने मान खाली घातली. "ती दोघंच. त्यो आन् त्याची बायको."

दवाखान्याची वर्दी आमच्याकडे आधीच आली होती. फवारणीच्या विषाची बाधा, असं तिच्यात लिहिलेलं होतं. आमच्याकडे त्या विषाला औषध म्हणतात, 'टमाट्याला औषध मारलं' असं सहज बोलतात. धाकटा पहिल्यांदा पडला तो औषध मारल्यावर, म्हणून कुणाला वावगं वाटलं नाही. पण बरा होऊन घरी आल्यावर दोन दिवसांत तो पुन्हा पडला आणि तिसऱ्यांदाही तसाच. या दोन्ही वेळा त्याने पंपाला हात लावलेला नव्हता. डॉक्टरांनी थोरल्याला स्पष्ट सांगितलं होतं, की आणखी एकदा असं झालं तर हा माणूस हाताला लागणार नाही.

मी बायकोला बोलावून घेतलं. ती दवाखान्यातूनच एसटीने आली. तिशीची, सडपातळ बाई. मांडीवर कपड्यांचं बोचकं. महिला पोलिसाला शेजारी बसवून मी विचारपूस सुरू केली. बोचकं टेबलावर ठेवायला लावलं. हवालदारांनी ते पोटाशी ओढून, सोडून पाहिलं. नवऱ्याचे कपडे आणि वहाणा, बाकी काही नाही. तिने ते पुन्हा मांडीवर घेतलं.

"स्वयंपाक कोण करतं?"

"मीच."

"चहा?"

"मीच की. दुसरं कोन हाय?"

"मग औषध कोण घालतं?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग तिच्या कपाळावर घाम आला. हात थरथरायला लागले, डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. मी मनात म्हटलं, सापडली. 'अहो बाई'वरून मी 'ए बाई'वर आलो.

"साहेब, कपाळ लई दुखतंय. वाईच पानी द्या."

"पाणी मिळेल. आधी खरं सांग."

पाणी मागणाऱ्याला थोडं ताटकळत ठेवायचं, ही तेव्हा माझी खास युक्ती होती. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण लिहायला हवं. अर्ध्या तासाने ती जागेवरच ओकली. मी त्याला नाटक म्हटलं. स्टेशन डायरीत माझ्या हाताने नोंद केली: 'प्रश्न विचारताच महिलेस घाम फुटला, हात थरथरू लागले, त्यावरून संशय बळावला.' अटकेचे कागद तयार करायला सांगितले आणि अटकेपूर्वीच्या तपासणीसाठी हवालदार आणि महिला पोलिसासह तिला, नवरा होता त्याच दवाखान्यात घेऊन गेलो.

डॉक्टर तरुण होते, बोलायला तुटक. त्यांनी तिच्या डोळ्यांत बॅटरी मारली, नाडी पाहिली आणि माझ्याकडे वळले.

"साहेब, अटक राहू द्या. हिला खाट हवी आहे. नवऱ्याला झालं तेच हिला झालंय. बाहुल्या बघा, टाचणीच्या टोकाएवढ्या राहिल्यात."

"आपण पकडले जाणार म्हणून स्वतःच घेतलं असेल," मी म्हणालो. माझा हट्ट अजून उतरला नव्हता.

"तोंडाला वास नाही. हे पोटातून गेलेलं दिसत नाही, कातडीवाटे गेलंय." मग तिच्याकडे वाकून त्यांनी विचारलं, "ताई, नवऱ्याच्या कुठल्या वस्तूंना हात लावलात?"

"कपडं धुतली. साबन लावून, दोन पान्यातनं."

"आणखी?"

"वहानांना तेल पाजलं. दोन्ही येळंला, ते घरी यायच्या आदी. वहान कडक झाली की त्यांचा पाय चावती."

"कशाने लावलंत?"

"हातानंच की. तळव्यानं चोळल्याबगर तेल मुरतंय व्हय? कालपासनं तर वहाना ह्याच बोचक्यात हायेत. व्हरांड्यात उशाला घेतलं व्हतं."

रबरी हातमोजे चढवून डॉक्टरांनी बोचकं सोडलं. ओतूरच्या बाजारात मिळतात तशा जाड चामड्याच्या वहाणा. एरंडेलाचा वास होता, आणि त्याच्या खाली दुसरा, उग्र. हवालदार शेतकऱ्याच्या घरातले. ते पटकन म्हणाले, "साहेब, ह्यो टमाट्याच्या औषदाचा वास!"

दुसऱ्या दिवशी नवरा बोलण्याच्या स्थितीत आला, तेव्हा उरलेलं कळलं. पहिल्या फवारणीच्या दिवशी गोठ्यात औषध कालवताना बाटली हातातून निसटली आणि पायावर सांडली. त्याने पाटात पाय धुतला आणि वहाण फडक्याने पुसली. चामड्याच्या वहाणेला आमच्याकडे कुणी साबण-पाणी लावत नाही, ती खराब होते. तिला तेल पाजायचं असतं. दवाखान्यात त्याचे कपडे काढत, अंग धूत, इंजेक्शनं देत. तो बरा होई आणि त्याच वहाणा घालून घरी जाई. आणि त्याच्या पायाला त्रास होऊ नये, म्हणून ही बाई ते विष स्वतःच्या तळहातांनी आणखी मुरवत होती.

"कापडातून हे बरंचसं धुऊन निघतं," डॉक्टर म्हणाले, "पत्र्याचा पंप सोड्याने साफ होतो. चामडं पिऊन बसतं. ते टाकूनच द्यावं लागतं."

आदल्या दिवशी वास कळताच महिला पोलीस आणि नर्स यांनी हातमोजे घालून, तिचे कपडे काढून तिला साबणाने न्हाऊ घातलं होतं. केसांतून, नखांखालून, कानांमागून. मग डॉक्टरांचा मोर्चा आमच्याकडे वळला. बोचकं हाताळलेल्या सगळ्यांनी आंघोळ करायची आणि गणवेश वेगळा धुवायचा. ठाण्याच्या मागच्या नळाखाली फौजदारसाहेब साबण चोळत बसलेत, हे दृश्य कोठडीतल्या दोघांनी मिटक्या मारत पाहिलं. माझं टेबल धुण्याच्या सोड्याने घासलं. हवालदारांचा कमरेचा पट्टा चामड्याचा, बोचकं त्याला घासलेलं. तोही पुरायचा ठरलं, पण ते काही केल्या सोडेनात.

"सरकारी पट्टा हाय, साहेब. पुरला तर वर काय सांगायचं?"

शेवटी पट्टा पुरल्याचा मी रीतसर पंचनामा केला. असा पंचनामा माझ्या नोकरीत तो पहिला आणि शेवटचा. एक वहाण काचेच्या बरणीत सीलबंद करून तपासणीसाठी पुण्याला पाठवली. दुसरी जाळू नका, धूर नाकात जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

गोठ्यात बाटली सांडली होती, तिथे माती उकरणाऱ्या दोन कोंबड्या मेल्या होत्या. मर आली असं समजून घरच्यांनी त्या फेकून दिल्या होत्या. कृषी खात्याचे अधिकारी येऊन सांगून गेले: तिथली वीतभर माती खरवडा, विहिरीपासून लांब खोल खड्ड्यात चुना घालून पुरा, पंप सोड्याच्या पाण्याने तीनदा धुवा आणि ते पाणीही त्याच खड्ड्यात ओता. मी दोन गडी बोलावतो म्हणालो. थोरला नको म्हणाला. पायांत गमबूट, हातांत मोजे घालून भर उन्हात त्याने एकट्याने माती खरवडली, खड्डा खणला, वहाण पुरली. मधे एकदा कुदळ टेकून तो म्हणाला, "साहेब, लेकीसारकी व्हती ती मला. आन् मीच तिला तुमच्या दारात आणली." त्याने तिला दारात आणली होती, पाणी मी नाकारलं होतं.

आठवड्याने नवराबायको बरोबरच घरी निघाली. मी दवाखान्यात गेलो. थोरल्याने रबरी चपलांचे दोन नवे जोड आणले होते. ते त्याने तिच्या पुढ्यात ठेवले. तिने खाली वाकून त्याच्या पाया पडून ते घेतले.

मी म्हणालो, "बाई, माझं चुकलं. तुम्ही पाणी मागितलंत, मी दिलं नाही."

ती म्हणाली, "तुमी माज्या तोंडाकडंच बघत व्हता, साहेब. तुमच्यापुढं बसले तवा एकच मनात व्हतं, आता ह्यांच्यापाशी दवाखान्यात कोन असंल?"

प्रकरण 'अपघात' म्हणून निकाली निघालं. डायरीतली नोंद खोडायची नसते, म्हणून ती तशीच राहिली. तिच्याखाली मी दुसरी लिहिली: 'सदर घाम व थरथर ही विषबाधेची लक्षणे होती. माझा निष्कर्ष चुकीचा होता.' वाचून वरिष्ठांनी भुवया उंचावल्या. त्यानंतरच्या नोकरीत मी बऱ्याच जणांना प्रश्न विचारले, त्यांतले बरेच अट्टल होते. पण समोरच्याला घाम फुटला, की मी आधी पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे सरकवायचो आणि विचारायचो, "बरं वाटतंय ना?"